रकाना क्रमांक सात

हत्तुरे मॅडमनी फॉर्म दिलाय, सोमवारपर्यंत भरून हवाय.
नाव : येमूल श्रावंती नरसय्या.
वर्ग : एम. ए. भाग एक, मराठी.
मातृभाषा :
इथं दरवेळी पेन थांबतं.
घरात तेलुगू, तीही अशी की वरंगलची आत्या तोंडाला पदर लावून हसते.
शाळेत मराठी. बोळात दखनी.
आणि आईच्या बिडी कारखान्यातल्या बायकांकडून
उचललेलं कानडी, शिव्यांसकट.
रकाना बोटभर.
मी 'मराठी' लिहिते
आणि आईला सांगत नाही.

रकाना क्रमांक सात :
पुढील पाच वर्षांचा आराखडा.

मावसभाऊ राजेशम हिंजवडीहून फोन करतो,
"मराठी घेऊन काय करालीस बे?
जर्मन तरी कर, कंपन्या घेतात."
त्याचं चूक नाही.
मागच्या महिन्यात मिक्सरची माहितीपुस्तिका मराठीत केली,
शब्दाला चाळीस पैसे.
'पाते फिरत असताना भांड्यात बोट घालू नये.'
सात शब्द, दोन रुपये ऐंशी पैसे,
अजून आलेले नाहीत.

नायना टॉवेलच्या मागावर बारा तास असतो.
खडखडाटात ऐकू येत नाही,
म्हणून समोरच्याचे ओठ वाचतो, कुठल्याही भाषेतले.
मी ध्वनिविचाराच्या पेपरला रात्रभर घोकलं
ते त्याला फुकट येतं.
त्यानं एकदाच विचारलं, जेवताना, ताटाकडं बघत,
"कडुपु निंडतदा?"
पोट भरतं का यात.
मी म्हटलं, बघू.

तो म्हणतो मग्गं. शेजारचे मल्लिनाथमामा म्हणतात मग्ग.
मी म्हणते माग.
कुणी कुणाकडून उसनं नेलं, मला माहीत नाही.
माग काढायचाय.
हे रकान्यात लिहिलं तर मॅडम खूश होतील,
राजेशम विचारेल, पॅकेज किती.

आणि मग सिव्हिलचा तो दिवस.
बहिणीच्या बाळाला घेऊन रांगेत होते.
पुढं एक म्हातारी, अक्कलकोटच्याही पलीकडची,
पदराच्या गाठीत केसपेपर.
डॉक्टर नवा, नांदेडकडचा.
ती म्हणत होती, "होट्टी उरीतैति."
वॉर्डबॉयनं सांगितलं, पोटात जळजळ होतीय म्हणे.
शब्दाला शब्द, अगदी बरोबर.
डॉक्टरनं पांढरी गोळी लिहिली, जेवणाआधी एक.
म्हातारी उठेना.
परत तेच. होट्टी उरीतैति.

मी मध्ये तोंड घातलं.
"डॉक्टर, जळजळ नाही हो.
त्यांच्या पोटात तुटतंय."

त्यानं पेनला टोपण लावलं.
मी खाली वाकून विचारलं, कुणासाठी, आज्जी?
ती दोनच शब्द बोलली,
"मोम्मग. बावी."
नातू, एवढंच मी सांगितलं.
बाव त्याला आपोआप कळली.

रांग मागून ओरडत होती. बाळ रडत होतं.
तो कितीतरी वेळ तिचा हात धरून बसला
आणि नाडी मोजत नव्हता.
निघताना म्हणाला,
"मंगळवारी येत जाल का? पैसे देता येणार नाहीत."

आता रविवारची रात्र.
पंखा गरम वारा ढकलतोय.
आई तेलुगूत मोजत बिड्यांचे कट्टे बांधतेय,
पाचशेच्या आसपास चुकली की मराठीत चरफडते
आणि पहिल्यापासून सुरू करते.
रकान्यात मी पेन्सिलनं लिहिलं :
नेट, सेट. मिक्सरवाल्याकडं तगादा.
मंगळवार.
मग 'मंगळवार' खोडलं. आराखड्यात बसेना.
मग परत लिहिलं, पेननं.

रकाना आठ : आपल्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्ती.
एक, प्रा. हत्तुरे, भाषा विभाग.
दोन, नीलव्वा. आडनाव विचारायचं राहिलं.
फोन नाही.
बोलायची भाषा कानडी.